काळा धागा

खिशातली चिल्लर आधी तपासा. १९५२ सालात आजची नाणी चालायची नाहीत, आणे लागतील. आणि मोड घेतच आहात तर वयही मोडून घ्या. दहा वर्षं पुरेत.

ग्रँट रोडकडच्या एका टॉकीजची ही तिकीटखिडकी. रांग वगैरे काही नाही, नुसती झुंबड. भोकातून मूठ आत घालायची, पैसे द्यायचे आणि ओरखडलेला हात तिकिटासकट बाहेर काढायचा. तिकीट अर्थातच पिटातलं. पडदा इतका जवळ की मान वर करून बघावं लागतं, आणि लाकडी बाकड्यातले ढेकूण फुकट. आधी फिल्म्स डिव्हिजनचा माहितीपट. तो संपेपर्यंत कुणाला घाई नसते. फुटाण्याच्या पुड्या सुटतात, जागेवरून भांडणं होतात. मग पडद्यावर नाव येतं, 'अलादीन और जादुई चिराग', आणि शिट्ट्या सुरू.

महिपाल अलादीन आहे. पुढे 'नवरंग'मध्ये शांतारामबापूंचा कवी होणारा हाच. शाहजादी मीनाकुमारी. याच साली 'बैजू बावरा' येणार आहे आणि जादूच्या चित्रांच्या या दुनियेपासून ती दूर जाणार आहे, पण हे फक्त तुम्हाला ठाऊक. शेजारचा पोरगा तिसऱ्यांदा आलाय. कोपर मारून सांगतो, "आता बघ हां, दिवा घासतोय."

धूर निघतो. त्या धुरातून जिन वर येतो, ताडमाड. आणि तुमच्यातला आजचा माणूस नेमका आत्ता जागा होतो. तुम्हाला दिसतं की अलादीन जिनच्या डोळ्यांत बघतच नाहीये. त्याची नजर कानाच्या बाजूला कुठेतरी लागलीय. दोघांच्या मधे एक पुसट रेघही थरथरतेय. तुम्ही बोट दाखवता.

"ठाऊकाय," पोरगा म्हणतो. "गप बघ ना."

चला, ती रेघ कुठून येते ते बघू. चेंबूरला जायचं, होमी वाडियांच्या बसंत स्टुडिओत. शहर इथवर अजून पुरतं पोचलेलं नाही. फ्लोअरवर महाल उभा आहे, पण कमरेपर्यंतच. वरचे घुमट कॅमेऱ्यापुढच्या काचेवर रंगवलेत. डोळा भिंगाला लावलात की दोन्ही तुकडे जुळतात. तसूभर बाजूला सरकलात की घुमट हवेत लोंबतो. खांब ओळखीचे वाटले तर नवल नाही. याच कंपनीने नुकतेच 'श्रीगणेश महिमा' आणि 'हनुमान पाताल विजय' काढलेत, आणि प्लॅस्टरच्या खांबाला धर्म नसतो.

जिनची रीत अशी: भिंगाचा अर्धा भाग काळ्या पुठ्ठ्याने झाकायचा, उरलेल्या अर्ध्यात महिपालला लांब उभं करून चित्रीकरण करायचं. मग फिल्म अंधारातच मोजून मागे घ्यायची, पुठ्ठा दुसऱ्या अर्ध्यावर लावायचा आणि जिनला जवळून टिपायचं. मोजणी चुकली किंवा कॅमेरा केसभर हलला, की आधीचंही वाया. महिपालसमोर त्या वेळी कुणीच नसतं. रिकाम्या हवेला बिचारा मुजरा करतोय, नजर चुकणारच. आणि ती रेघ म्हणजे दोन अर्ध्यांचा सांधा.

या कारखान्याचे किमयागार बाबूभाई मिस्त्री, सुरतेचे. त्यांच्यासाठी आणखी पंधरा वर्षं मागे, १९३७ ला जावं लागेल. विजय भट्ट 'ख्वाब की दुनिया' काढतायत, अदृश्य माणसाची गोष्ट. बाबूभाई जेमतेम विशीतले. काळ्या पडद्यासमोर काळा धागा, त्याला बांधलेली वस्तू, आणि धाग्यावर चमक येणार नाही इतकाच उजेड. वस्तू आपोआप चालायला लागतात. पिक्चर लागल्यावर लोकांनी त्यांना नावच पाडलं, काळा धागा. विचार करा: जी गोष्ट दिसू नये म्हणून माणूस धडपडला, तेच नाव त्याला मिळालं. लोकांना धागा कळला होता आणि तरी टाळ्या थांबल्या नाहीत. मला वाटतं, कळला म्हणूनच थांबल्या नाहीत.

आपल्याकडे हे जुनंच. दशावतारात एका बाकड्याचं सिंहासन होतं, तेव्हा कोकणातला प्रेक्षक काय फसलेला असतो? तो आपला वाटा उचलतो, एवढंच. सिनेमाची सुरुवातही एका जादूगाराकडूनच झाली. दादासाहेब फाळके हातचलाखीचे प्रयोग करायचे, नाव उलटं करून: प्रोफेसर केळफा.

परतीच्या वाटेवर १९६३ ला थोडं उतरा. 'पारसमणी' लागलाय. दिग्दर्शक खुद्द बाबूभाई, नायक पुन्हा महिपाल. संगीताला लक्ष्मीकांत-प्यारेलाल म्हणून एक नवी जोडी आहे, पहिलंच प्रदर्शित चित्र. हेलन आणि जीवनकला नाचायला लागतात तसं पीट उठून उभं राहतं. चिल्लर उडते, तमाशातल्या दौलतजादासारखी. शेजारी आता दुसराच पोरगा आहे, कोपर मात्र तेच.

तुम्हीही खिशात हात घालता. इथे नवे पैसे आलेत. तुमच्याकडे मघाचा एक आणा उरलाय. भिरकावता. तो पडद्याला लागतो आणि अख्खा महाल, घुमटांसकट, एकदा हलतो.

"अजून आहे?" पोरगा विचारतो.