लोखंड आधी, मेंदू नंतर

घरच्या घरी धातू कापणारं छोटं सीएनसी मशिन बनवायचं डोक्यात आलं की आम्ही सॉफ्टवेअरवाले सगळ्यात आधी काय निवडतो? कंट्रोलर बोर्ड! मीही तेच केलं. अॅल्युमिनियम प्रोफाइलचं गॅन्ट्री मशिन जोडलं, लाकडावर नावं कोरून घरच्यांची शाबासकी मिळवली. मग एका रविवारी स्टीलची पट्टी लावली... आणि मशिन असं किंचाळलं की खालच्या मजल्यावरचे काका वर आले. कापलेल्या कडेवर नुसत्या लाटा!

काकांचं आयुष्य मिलिंगवर गेलेलं. त्यांनी स्पिंडल अंगठ्याने ढकलून बघितला आणि म्हणाले, "अरे, हे हलतंय. याला कितीही अक्कल दे, हलणारा हात सरळ रेघ कशी मारणार?"

हे वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून सीएनसीचा इतिहास चाळायला घेतला. गंमत म्हणजे तिथेही हेच उत्तर होतं.

१९४० च्या दशकात अमेरिकेत मिशिगनमधल्या ट्रॅव्हर्स सिटीला जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरची पाती बनवत होते. पात्याच्या वक्र आकाराचे टेम्प्लेट अचूक कापणं ही मोठी डोकेदुखी. त्यांच्या कंपनीतल्या फ्रँक स्टुलेन यांनी वक्रावरचे बिंदू आयबीएमच्या पंचकार्ड यंत्रांवर काढायला सुरुवात केली. मग मिलिंग मशिनवर एक जण आकडे वाचणार, एक जण एक्सचं हँडल फिरवणार, दुसरा वायचं. म्हणजे माणसांचंच सीएनसी!

हे काम यंत्राकडून करून घ्यायचं, या कल्पनेवर १९४९ मध्ये अमेरिकी हवाई दलाचं कंत्राट मिळालं. पार्सन्स मदतीसाठी एमआयटीच्या सर्व्होमेकॅनिझम्स लॅबकडे गेले. पुढे लॅबनेच प्रकल्प हातात घेतला आणि पार्सन्स बाजूला पडले. (१९८५ मध्ये त्यांना आणि स्टुलेनना नॅशनल मेडल ऑफ टेक्नॉलॉजी मिळालं, उशिरा का होईना.) सप्टेंबर १९५२ मध्ये एमआयटीने मशिन लोकांना दाखवलं.

आता महत्त्वाचा मुद्दा. त्यांनी नवीन मिलिंग मशिन बनवलंच नाही! सिनसिनाटी कंपनीचं तयार हायड्रो-टेल मशिन घेतलं आणि त्याला सर्व्हो जोडले. कंट्रोलर मात्र अडीचशेहून जास्त व्हॅक्यूम ट्यूबचा, पंच केलेल्या कागदी टेपवर चालणारा. लोखंड तयार होतं, अवघड होता तो मेंदू.

आज चित्र उलटं आहे. २००९ मध्ये सिमेन स्वाले स्कोग्सरूड यांनी ग्रब्ल लिहिलं आणि तो मेंदू आर्डुइनोवरच्या एका चिपमध्ये मावला. लोखंडाला मात्र मूरचा नियम लागू होत नाही. एका टोकाला पकडलेली पट्टी दुप्पट लांब केली की तेवढ्याच जोराला आठपट वाकते. हे १९५२ सालीही खरं होतं, आजही आहे.

तेव्हा माझा हिशोब असा:

स्टील कापायचं असेल तर बिडाची छोटी बेंच मिल घ्या, जुनी चालेल, आणि तिला मोटर जोडा. एमआयटीने तेच केलं होतं. फक्त अॅल्युमिनियम आणि बारीक कट असेल तर गॅन्ट्री चालेल, पण आखूड आणि बुटकी. स्क्रूमधला प्ले आधी तपासा, जमल्यास बॉलस्क्रू घाला. आणि एक लक्षात ठेवा: १९५२ च्या मशिनला आपण कुठे आहोत ते परत कळत होतं. साधी स्टेपर मोटर आंधळी असते. कटर अडकून स्टेप्स चुकल्या तरी ग्रब्ल पुढे जातच राहतं आणि जॉब वाया जातो. म्हणून मोटर नेमकी लागेल तेवढी नको, थोडी जास्तच ताकदीची घ्या. बोर्ड सगळ्यात शेवटी.

एक गोष्ट मात्र त्या टेपवर कधीच आली नाही. हँडलवरच्या माणसाला मशिनचा आवाज बदललेला ऐकू येतो आणि हात आपोआप फीड कमी करतो. टेपला कान नव्हते. माझ्या ग्रब्लला पण नाहीत.

असो. पुढच्या शनिवारी एक जुनी मिल बघायला जातोय. काकांना बरोबर नेतोय, अंगठ्यासकट!