खाज्या नाईकाचा गुन्हा

शिरपूर सोडलं की आग्रा रोडवर पळासनेर लागतं आणि पुढे सेंधव्याचा घाट सुरू होतो. आमच्या खान्देशातली कितीतरी घरं या घाटात बिजासन मातेला जाऊन येतात. लहानपणी जीपमध्ये दाटीवाटीने बसून घाट चढताना मोठी माणसं आवाज खाली करून सांगायची, "इथं पूर्वी भिल्ल लुटायचे." लगेच बायका गळ्यातलं पदराखाली घ्यायच्या. (पूर्वी लुटायचे, तर आता पदर कशाला? पण तेव्हा असलं विचारायची सोय नव्हती.)

त्या 'लुटायचे'मागे काय काय आहे ते बऱ्याच वर्षांनी वाचताना कळलं.

सातपुड्यातल्या घाटांवर भिल्ल नाईकांची राखण असे. व्यापाऱ्याने ठरलेले पैसे द्यायचे, नाईकाने माल सुखरूप उतरवून द्यायचा. खालच्या गावांकडेही त्यांचे हक्क बांधलेले असत. हक्क थकला की नाईक माणसं घेऊन खाली उतरायचा आणि गुरं वळवून न्यायचा. गावकऱ्याच्या लेखी हा दरोडा, नाईकाच्या लेखी थकबाकीची वसुली! होळकर-पेंढाऱ्यांच्या धामधुमीत आणि १८०३-०४ च्या दुष्काळात ही घडी पार विस्कटली. १८१८ मध्ये कंपनी सरकार आलं तेव्हा त्यांच्या कागदावर हे सगळे सरसकट लुटारू झाले. धुळ्याला कॅप्टन ब्रिग्ज बसला, डोंगरात पलटणी गेल्या, पण काही जमेना. मग १८२५ मध्ये धोरणच फिरवलं. औटरामने आपल्या धरणगावला भिल्ल पलटण उभी केली. जुने गुन्हे माफ झाले आणि कालपर्यंत ज्यांना धरायला शिपाई धाडत होते, तेच शिपाई झाले. माणूस तोच, डोंगर तोच. पगार तेवढा नवा.

खाज्या नाईक या नव्या व्यवस्थेतला. सेंधवा घाटाच्या रस्त्याची राखण त्याच्याकडे होती आणि बरीच वर्षं त्याने ती चोख केली. १८५० च्या सुमारास त्याच्या ताब्यातला एक संशयित दरोडेखोर मेला. नाईकाच्या जुन्या रीतीने बघितलं तर त्याने राखणच केली होती. चोर धरायचा, त्याला धडा शिकवायचा, वाट मोकळी ठेवायची. कंपनीच्या कोर्टात मात्र तो मनुष्यवध ठरला. १८५१ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली, ती पुढे कमी होऊन तो सुटला आणि १८५७ मध्ये उत्तरेत बंड पेटल्यावर सरकारला घाटात पुन्हा त्याचीच गरज भासली. कामावर घेतलाही. पण खाज्या फिरला. त्याने भीमा नाईकाबरोबर बंड केलं आणि इंदूरहून येणारा सात लाखांचा सरकारी खजिना घाटात लुटला. ११ एप्रिल १८५८ ला अंबापाणीला मोठी लढाई झाली. पकडलेल्या कित्येक भिल्लांना तिथेच गोळ्या घातल्या. एका संशयिताच्या मृत्यूसाठी खाज्याला तुरुंगात धाडणाऱ्या सरकारने हे केलं, आणि त्याच्या दफ्तरात हा गुन्हा नव्हे, बंदोबस्त. पुढे १८६० मध्ये खाज्या दगाफटक्याने मारला गेला. आज तो स्वातंत्र्यसैनिक आहे, म्हणजे दफ्तर पुन्हा एकदा बदललं.

याच सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यात तर काही करायचीही गरज नव्हती, अमक्या जमातीत जन्माला आलं की झालं. तो रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला, स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी.

इथवर आल्यावर मला फार सोपं वाटू लागलं होतं. ज्याच्या हातात दफ्तर, तो ठरवेल तो गुन्हा. खाज्याची बाजू घेऊन मी घरी वादही घातले.

मग १ जुलै २०१८ आला. साक्री तालुक्यातलं रायनपाडा, आदिवासी वस्तीचं गाव, रविवारचा बाजार. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. मुलं पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा मोबाईलवरून फिरत होत्या. लोकांनी त्यांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मरेपर्यंत मारलं. पाचही जणांना. मारणाऱ्यांपैकी अनेकांना त्या क्षणी आपण गावाची राखण करतोय असंच वाटत असणार.

राखण! हाच शब्द मी खाज्यासाठी वापरत होते.

तेव्हापासून खाज्या नाईकाची गोष्ट सांगताना मी त्या संशयितापाशी अडखळते. त्याने खरंच दरोडा घातला होता की नव्हता, हे ठरण्याआधीच तो संपला. कंपनीला भिल्लांचा कळवळा होता असं कोणी म्हणणार नाही, आणि अंबापाणीला तिने जे केलं ते उघड आहे. पण त्या एका माणसाच्या मरणाचा जाब कोणी विचारला असेल तर त्याच परक्या कोर्टाने. हे कबूल करणं मला जड जातं.

परवा पुन्हा बिजासनला गेलो होतो. घाट लागला तशी भाचीने विचारलं, "आत्या, इथे कोण लुटायचे गं?" गोष्ट सुरू केली, ती सेंधवा येईपर्यंत संपली नाही.