छत्तीस अक्षरांचा देश

परदेशप्रवासाची वर्णने मराठीत पुष्कळ झाली. परंतु बाल्कन द्वीपकल्पातील लहान देशांकडे आमच्या प्रवाशांची दृष्टी क्वचितच वळली आहे. इस्तंबूल पाहून अथेन्सला आणि अथेन्सहून रोमला जाणारा प्रवासी आल्बानियाला वळसा घालून निघून जातो. इंग्रजी ग्रंथांतून ज्यांना या देशाचा परिचय झाला त्यांच्या डोळ्यांपुढे तर एक ठराविकच चित्र असते. १८०९ साली कवी बायरन तेपेलेना येथे अली पाशाच्या भेटीस गेला. तेथील वेषावर तो इतका लुब्ध झाला की पुढे तोच वेष अंगावर चढवून त्याने आपले चित्र काढवून घेतले. आल्बानिया म्हणजे कडेकपारी, भरजरी अंगरखे आणि कमरेचे पिस्तूल, ही समजूत तेव्हापासून रूढ झाली. शंभर वर्षांनी एडिथ डरहॅमबाईंनी उत्तरेचा डोंगराळ मुलूख पालथा घालून १९०९ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांची दृष्टी बायरनपेक्षा कितीतरी साक्षेपी होती; तथापि वाचकांच्या स्मरणात राहिले ते त्यांतील वैर आणि सूड. आमचा पेशा शिक्षकाचा. किल्ल्यांपेक्षा शाळांकडे आमचे लक्ष अधिक जाते, आणि या देशापुरते बोलावयाचे तर तो मार्ग अधिक फलदायी ठरतो, असे आमचे मत झाले आहे.

देश लहान. क्षेत्रफळ २८,७४८ चौरस किलोमीटर, आणि २०२३ च्या शिरगणतीप्रमाणे वस्ती सुमारे २४ लाख. श्कुम्बिन नावाची नदी देशाच्या मध्यातून पूर्वपश्चिम वाहते. तिच्या उत्तरेस गेग बोली, दक्षिणेस तोस्क. धर्मही एक नाही : सुन्नी मुसलमान, बेक्ताशी पंथाचे मुसलमान, ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आणि कॅथलिक ख्रिस्ती हे सर्व शेजारी नांदतात. या सर्वांना जोडणारी वस्तू एकच, ती म्हणजे भाषा. ते स्वतःच्या भाषेला ‘श्चिप’ म्हणतात, आणि या शब्दाचा मूळ अर्थ ‘स्पष्ट बोलणे’ असा असावा, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. गरुडाशी त्याचा संबंध जोडणारी लोकांची व्युत्पत्ती अधिक आकर्षक आहे खरी, परंतु आम्हांला पहिलीच अधिक मनोहर वाटते.

ही भाषा भारत-युरोपीय कुळातील एक स्वतंत्र शाखा होय. ग्रीक अथवा स्लाव भाषांची ती उपभाषा नव्हे. संस्कृत शिकलेल्या माणसास तिच्यात मधूनच एखादा ओळखीचा चेहरा दिसतो. दाराला ‘देर’, रात्रीला ‘नात’ (आपले ‘नक्त’), हिवाळ्याला ‘दिमर’ (आपले ‘हिम’) आणि तीनला ‘त्रे’. ही झाली फार जुनी नाती. मराठीच्या कानाला अधिक गंमत वाटते ती दुसऱ्या थरातील शब्दांची. तुर्कांच्या सुमारे पाच शतकांच्या सत्तेत फारसी-अरबी शब्द तिकडे गेले, जसे ते दक्षिणेच्या सुलतानांबरोबर आपल्याकडे आले. त्यामुळे कोर्चा शहरातील जुना ‘पझार’, त्यातील ‘द्युकान’ आणि दुकानदाराचा ‘हेसाप’ यांचा अर्थ मराठी माणसाला कोशावाचून कळतो. ‘म्युसाफिर’ मात्र फसवा आहे. आपल्याकडे मुसाफिर म्हणजे वाटसरू. तेथे म्युसाफिर म्हणजे घरी आलेला पाहुणा. शब्दाच्या या स्थलांतरात त्या देशाचा स्वभाव आपोआप नोंदला गेला आहे.

कारण पाहुणा ही तेथील जीवनपद्धतीची मध्यवर्ती कल्पना होय. उत्तरेच्या डोंगरांत राजसत्तेचा हात फारसा पोहोचत नसे. तेथे पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत चालत आलेला कायदा, ‘कानून’, हाच शास्ता होता. श्त्येफेन ग्येचोव्ही या फ्रान्सिस्कन पाद्र्याने तो गावोगाव हिंडून टिपून घेतला. १९२९ साली त्याची हत्या झाली आणि त्याचा संग्रह ग्रंथरूपाने १९३३ साली श्कोदर येथे बाहेर पडला. या कायद्याने सुडाला मान्यता दिली, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्याच कायद्याने आश्रयाला आलेल्या पाहुण्याचे रक्षण हे यजमानाचे स्वतःच्या रक्ताच्या नात्याहूनही वरचे कर्तव्य ठरविले, याचा उल्लेख कमी होतो. दिलेल्या शब्दाला तेथे ‘बेसा’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात जर्मन फौजा देशात असतानाही आल्बानियातील मुसलमान आणि ख्रिस्ती कुटुंबांनी ज्यू निर्वासितांना घरात ठेवून घेतले. युद्धाअखेर त्या देशातील ज्यूंची संख्या युद्धापूर्वीपेक्षा अधिक होती. युरोपात असे सांगता येणारे देश फार थोडे. जाता जाता एक बारीकसा इशारा : जुन्या वळणाची माणसे ‘होय’ म्हणताना मान आडवी हलवितात. युरोपीय प्रवासी यामुळे गोंधळतात. आम्हां भारतीयांना त्यात काही विपरीत वाटले नाही.

आता शाळेकडे वळू. तुर्की साम्राज्यात प्रजेची गणना भाषेवरून होत नसून धर्मावरून होत असे. मुसलमान असेल तो ‘तुर्क’. त्याची शाळा तुर्की भाषेची. ऑर्थोडॉक्स असेल तो ‘ग्रीक’; त्याची शाळा ग्रीक भाषेची. आल्बानियन बोलणारा मुलगा कोणत्याही घरात जन्मला तरी शाळेच्या उंबऱ्यावर त्याची भाषा बाहेर राहावयाची. उत्तरेतील कॅथलिक पाद्र्यांनी मात्र ही भाषा काही प्रमाणात शिकविली. निजामी राजवटीत मराठी घरांतील मुलांनी उर्दूतून गणित शिकल्याच्या आठवणी आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकल्या असतील, आणि गोव्यातील वाचकांना तर १६८४ सालचे पोर्तुगीज फर्मान, ज्याने तेथील लोकांची भाषा मोडून काढण्याचा यत्न केला, विसरता येणार नाही. त्यांना हा प्रसंग समजावून सांगावा लागू नये.

या अवस्थेत लिपीचा प्रश्न म्हणजे केवळ लेखनसोयीचा प्रश्न राहिला नाही. अरबी अक्षरे घेतली तर ख्रिस्ती दुरावणार, ग्रीक घेतली तर मुसलमान आणि कॅथलिक दुरावणार, लॅटिन घेतली तर रोमच्या पक्षाला मिळाल्याचा आरोप येणार. नाउम वेकिलहार्जी या गृहस्थाने १८४४ साली जे बालबोध पुस्तक छापले त्यात तर त्याने तेहतीस अक्षरांची एक सर्वस्वी नवीन लिपीच योजली होती. कोणाचीही नको म्हणजे सर्वांना चालेल, हा त्यातील हेतू. ती रुजली नाही. कोणाचीच नसलेली लिपी कोणालाच आपली वाटत नाही, असे दिसते. १८७९ साली इस्तंबूल येथे एक मुद्रणसंस्था निघाली. तिच्या मंडळींत फ्राशर गावचे सामी फ्राशरी हे होते. याच सामींनी तुर्की भाषेचा एक प्रमाणभूत कोश रचला. राज्यकर्त्यांच्या भाषेची अशी सेवा करणारा हा पंडित आपल्या मातृभाषेचे अक्षरही छापण्यास परवानगी मागत होता, ही विसंगती त्याच्या काळाची होती. त्याचा थोरला भाऊ नाईम हा आल्बानियन कवितेचा एक अग्रणी.

या बंधूंच्या खटपटीने कोर्चा येथे ७ मार्च १८८७ रोजी आल्बानियन भाषेची पहिली परवानाप्राप्त शाळा उघडली. पहिले मुख्याध्यापक पांदेली सोतिरी. मुसलमान आणि ख्रिस्ती मुले एकाच बाकावर बसू लागली. त्या काळी ही गोष्ट अभ्यासक्रमापेक्षाही मोठी होती. १८९१ साली त्याच शहरात सेवास्ती किरियाझी यांनी मुलींची शाळा काढली. दोन्ही बाजूंनी विरोध झाला. सुलतानाच्या अधिकाऱ्यांना यात बंडाचा वास येई. ग्रीक धर्मपीठाच्या अधिकाऱ्यांना पाखंडाचा. मुलांची शाळा १९०२ साली बंद पाडण्यात आली. आपल्या गावी आल्बानियन भाषेत उपासना चालविणारा पापा क्रिस्तो नेगोवानी हा धर्मोपदेशक १९०५ च्या फेब्रुवारीत मारला गेला. कोर्चाची ती शाळा आता संग्रहालय आहे, आणि ७ मार्च हा दिवस देशभर शिक्षकदिन म्हणून पाळला जातो. इमारत म्हणावी तर साधीच. आमच्याकडील एखाद्या तालुक्याच्या जुन्या शाळेत सहज खपेल. परंतु राष्ट्रीय दिनमालिकेत लढाईच्या दिवसाशेजारी शाळा उघडल्याच्या दिवसाला स्थान देणारे लोक किती आढळतील?

१९०८ साली तरुण तुर्कांच्या क्रांतीने काही काळ वारे फिरले, आणि नोव्हेंबरच्या १४ ते २२ तारखांना मोनास्तिर (आजच्या उत्तर मॅसिडोनियातील बितोला) येथे लिपीपरिषद भरली. अध्यक्ष मिदहात फ्राशरी. लिपीचा विचार करण्यासाठी अकरा जणांची समिती निवडली गेली : चार मुसलमान, चार ऑर्थोडॉक्स आणि तीन कॅथलिक. तिचे नेतृत्व श्कोदरचे फ्रान्सिस्कन कवी ग्येर्ग्य फिश्ता यांच्याकडे होते. समितीने एक लिपी ठरविली नाही, दोन मान्य केल्या : इस्तंबूलची, आणि निव्वळ लॅटिन अक्षरांची. पुष्कळांनी हा पळपुटेपणा मानला. आम्हांस त्यात मोठे व्यवहारज्ञान दिसते. त्या क्षणी एकीचा आग्रह धरला असता तर फूट पडली असती. दोन्ही मोकळ्या सोडल्यावर छापखान्यांनी आणि शाळांनी थोड्याच वर्षांत निकाल लावला. लॅटिन लिपीस खास खिळे पाडावे लागत नव्हते. कोणत्याही देशातील छापखान्यात तिची जुळणी होऊ शके. १९१० साली तरुण तुर्कांच्या सरकारने अरबी लिपीची बाजू उचलून धरली आणि दोन्ही पक्षांच्या सभा गाजल्या; कोर्चा येथे लॅटिन लिपीसाठी मोठी सभा भरली. अरबी लिपी मागणारे सर्वच सरकारचे हस्तक होते असे नव्हे. कुराण ज्या अक्षरांत शिकले त्या अक्षरांची ओढ कोणालाही वाटावी. पण छत्तीस अक्षरांची लॅटिन वर्णमाला टिकली. २८ नोव्हेंबर १९१२ रोजी व्लोरा येथे इस्माईल केमाली यांनी स्वातंत्र्य पुकारले, त्याच्या चार वर्षे आधी अक्षरे ठरून गेली होती. राज्य मागाहून आले, वर्णमाला आधी.

येथवरची कथा ऐकून अंतःकरण भरून येते. पुढील भाग तितका सुखद नाही. १९०९ साली एल्बासान येथे अध्यापनविद्यालय निघाले. हे गाव श्कुम्बिनच्या काठचे, दोन्ही बोलींच्या वेशीवरचे. १९१६ मध्ये श्कोदर येथे स्थापन झालेल्या साहित्यमंडळाने म्हणूनच एल्बासानची बोली ग्रंथभाषेचा पाया मानावी असे सुचविले, आणि दुसऱ्या महायुद्धापर्यंत तोच मार्ग बराचसा चालला. १९४४ नंतर एन्व्हेर होजाचे सरकार आले. त्याचे धुरीण बहुतेक दक्षिणेकडचे. फिश्ता यांचे ग्रंथ बंद झाले. मोनास्तिरच्या समितीचा प्रमुख शाळेच्या पुस्तकांतून नाहीसा झाला. १९६७ साली मशिदी आणि चर्चे यांना टाळे ठोकण्यात आले. १९७२ च्या नोव्हेंबरात तिराना येथे शुद्धलेखन परिषद भरली, आणि तिने जी प्रमाणभाषा ठरविली ती मुख्यत्वे तोस्कवर उभी होती. गेगचे अनुनासिक स्वर आणि तिचे क्रियापदाचे स्वतंत्र तुमंत रूप यांना प्रमाणभाषेत स्थान राहिले नाही. कोसोव्होचे आल्बानियन हे जवळजवळ सर्व गेग बोलणारे. तरीही त्यांच्या विद्वानांनी १९६८ साली प्रिश्टिना येथे तिरानाची लेखनभाषा आपणहून स्वीकारली होती. परक्या राज्यात राहणाऱ्यांना बोलीपेक्षा एकी मोलाची वाटली. त्यांचा निर्णय आम्ही चुकीचा म्हणणार नाही, परंतु त्याची किंमत त्यांच्या मुलांनी शाळेत भरली. ‘जाणे’ हा साधा शब्द घरी ‘मे श्कूए’, तर वहीत ‘त श्कोय’. १९९० नंतर बंधने सैल झाली, फिश्ता पाठ्यपुस्तकांत परत आले. गेगला काही वाट मोकळी करून द्यावी की नाही यावर विद्वानांत वाद चालूच आहे. इस्माईल कादारे (१९३६-२०२४) यांच्यासारखा जगप्रसिद्ध कादंबरीकार प्रमाणभाषेच्या बाजूने ठामपणे उभा राहिला. हेही नोंदविले पाहिजे की ते ग्यिरोकास्तरचे, म्हणजे तोस्क मुलखातले.

या भाषेची एक शाखा मात्र या सगळ्या घडामोडींच्या बाहेर राहिली. स्कंदरबेगने १४४३ पासून १४६८ साली मृत्यू येईपर्यंत तुर्कांना थोपवून धरले. त्याच्या पश्चात क्रुया आणि श्कोदर पडल्यावर हजारो कुटुंबे समुद्र ओलांडून दक्षिण इटलीत गेली. कालाब्रिया, सिसिली आदी प्रांतांत मिळून त्यांची सुमारे पन्नास गावे आजही आहेत. त्यांच्या भाषेला ‘आर्बरेश’ म्हणतात. त्यांच्या मागे राज्य नव्हते, दीर्घकाळ शाळाही नव्हती. होते ते ग्रीक विधीचे चर्च आणि घरातील म्हाताऱ्या. त्यांच्यातीलच जेरोलामो दे रादा (१८१४-१९०३) या कवीने १८३६ साली नेपल्स येथे आपले काव्य छापले, तेव्हा मूळ देशात आल्बानियन शाळा निघण्यास पन्नास वर्षे होती. हे लोक तुर्की सत्ता स्थिरावण्यापूर्वीच निघून गेले असल्याने वर सांगितलेले द्युकान आणि हेसाप यांसारखे तुर्की शब्द त्यांच्या बोलीत जवळजवळ नाहीत. तंजावरच्या मराठी घरांतील बोली ज्यांनी ऐकली आहे त्यांना अशी जपलेली जुनी वळणे नवी नाहीत.

१९९९ च्या कायद्याने इटलीने या भाषेला अल्पसंख्याकांची भाषा म्हणून मान्यता दिली आणि शाळेत ती शिकविण्याची वाट खुली झाली. त्याबरोबर एक प्रश्न उभा राहिला. वर्गात तिरानाची प्रमाणभाषा शिकवावी, म्हणजे मुलास मूळ देशाचे ग्रंथ वाचता येतील. की आजीची बोली शिकवावी, जी शेजारच्या आर्बरेश गावाच्या बोलीशीही पुरती जुळत नाही? प्रमाणभाषा शिकलेला नातू आजीला परका वाटतो, आणि केवळ बोली शिकलेल्यास वाचावयाला पुस्तक नाही. गावोगावच्या शिक्षकांनी आपापल्या परीने याची उत्तरे काढली आहेत. कोणी बोलीतूनच बालपुस्तके रचली, कोणी तिरानाहून ग्रंथ आणले. एकमत झालेले नाही.