आंधळेपण नेमके कोणाचे?

पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबते ती घाटासाठी. मागे जादा इंजिने लागतात, आणि मग गाडी चढ घेते. १८५६ साली रेल्वे खालापूर तालुक्यातल्या खोपोलीपर्यंत पोहोचली होती. पुढचा घाट लोक पालखीने किंवा पायी चढत. १८६३ साली बोरघाटात रूळ झाले. १८९० साली पंडिता रमाबाईंचे शारदा सदन मुंबईहून पुण्याला हलले. १९०० च्या दुष्काळात त्यांनी गुजरातेतून शेकडो मुली केडगावला आणल्या. मुंबईकडून पुण्याला आणि केडगावला जाणारी रेल्वेवाट ही आमच्या कर्जतवरूनचीच. गावच्या इतिहासाची टिपणे काढता काढता मी रमाबाईंकडे वळलो तो या रुळांमुळे.

वळलो खरा, पण मत आधीच तयार होते. शाळेत असताना एका गुरुजींनी सांगितले होते की, विदुषी होती, पण बाटली. धर्मांतर म्हणजे आमिष किंवा गोंधळ, हे मी त्यानंतर पंचवीस वर्षे तपासलेच नाही. मिशनऱ्यांच्या जुन्या पुस्तकांत ‘आंधळे हिंदू’ असा सूर आढळला की हे मत आणखी पक्के होई.

पण ख्रिस्ती धर्मग्रंथात हा शब्द कोणाला लावला आहे ते पाहिले, तेव्हा थबकलो. योहानाच्या शुभवर्तमानातल्या नवव्या अध्यायात येशू एका जन्मांध माणसाला दृष्टी देतो. त्या कथेतले खरे आंधळे तो माणूस नव्हे, तर त्याची उलटतपासणी घेणारे धर्मपंडित. आपल्याला दिसते हा त्यांचा दावाच त्यांचा दोष ठरतो. पौलाचेही तसेच. दमास्कसच्या वाटेवर त्याचे डोळे जातात तेव्हा तो नास्तिक नसतो. अत्यंत कडवा धर्मनिष्ठ असतो. म्हणजे हे आंधळेपण परधर्मीयाचे नसून खात्री बाळगणाऱ्याचे आहे. मिशनऱ्यांनी तो शब्द समोरच्यावर रोखला. आपल्याकडच्या काही मोठ्या धर्मांतरितांनी मात्र तो स्वतःकडे वळवला, आणि रमाबाई त्यांत आघाडीवर होत्या.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले म्हणून धर्मसभेपुढे जाब द्यावा लागलेले गृहस्थ. हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत फिरले. म्हातारपणी शास्त्रीबुवांची दृष्टी अधू झाली. जवळचा पैसा शास्त्रात सांगितल्याप्रमाणे देवांना आणि ब्राह्मणांना देऊन संपला होता. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गेली. उरलेले भाऊ-बहीण पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचले. तिथे रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. पुढे भाऊ गेला, आणि लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पतीही गेला. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

गोष्ट इथे संपायला हवी होती. निदान माझ्या मनातली तरी. अंधार, मग प्रकाश. पण रमाबाई स्वतःच ती तिथे संपवत नाहीत. वाँटेजच्या भगिनींशी त्यांचा पत्रांतून वाद झाला. इथल्या पुरोहितांचे जोखड उतरवले ते दुसऱ्या पुरोहितांचे घ्यायला नव्हे, ही त्यांची भूमिका होती. आणि १९०७ च्या आत्मनिवेदनात त्या लिहितात की, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे. १८९१ च्या सुमारास हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांना तिथवर नेणारे एक पुस्तक विल्यम हॅस्लम या इंग्रज पाद्र्याचे आत्मचरित्र. हा माणूस वर्षानुवर्षे चर्चमध्ये उपदेश करत होता आणि स्वतःच्याच प्रवचनाच्या भरात त्याचे परिवर्तन झाले. पाद्रीही आंधळा असू शकतो, हे वाचून रमाबाईंना स्वतःचे आंधळेपण दिसले.

या प्रांजळपणाची किंमत मोठी होती. सदनात मुलींवर धर्माची सक्ती नव्हती. पण बाई आपल्या खोलीत उघड्या दाराने प्रार्थना करत आणि काही मुली तिथे येऊन बसत. ‘केसरी’ने झोड उठवली. १८९३ साली रानडे, भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळ सोडले, पालकांनी मुली काढून नेल्या. दार लावून घेतले असते तर सदन वाचले असते, असे मला पूर्वी वाटे. आता वाटते, लपवून ठेवायचे एवढेच शिल्लक राहिले असते. त्याच वर्षी सदनात शिकलेल्या गोडूबाईंनी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. त्या हिंदूच राहिल्या. त्यामुळे सदन म्हणजे निव्वळ बाटवाबाटवी, हे म्हणणे टिकत नाही.

रेव्हरंड ना. वा. टिळकांचे उदाहरण याच्या जोडीला ठेवावे. आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियनाने त्यांना ‘नवा करार’ दिला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांना प्रकाश दिसला त्याच घटकेला लक्ष्मीबाईंच्या घरात मात्र अंधार झाला. नवरा-बायको काही वर्षे वेगळी राहिली. पुढे एकत्र आल्यावरही त्यांनी सोवळे एकदम टाकले नाही. आधी जातिभेद मनातून गेला, विश्वास नंतर आला आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना जाणवते की त्यांना कोणी डोळे दिले नाहीत. त्यांनी ते स्वतः, आपल्या सवडीने उघडले. टिळकांनी तरी कुठे जुने सारे पुसले? आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरीही सोडली.

केडगावच्या मुक्तिसदनात अंध स्त्रियांचा विभाग होता. त्याचे नाव बार्तिमी सदन, म्हणजे बायबलातल्या आंधळ्या भिकाऱ्याचे. रमाबाईंची कन्या मनोरमा यांनी तिथे ब्रेल शिकवली. आंधळेपण हे प्रवचनाचे रूपक म्हणून सोडून न देता या मायलेकींनी आंधळ्या बाईच्या हाती अक्षर दिले. दृष्टी अधू झालेल्या बापामागे दुष्काळात चाललेली मुलगी मला या कामात दिसते.

मी ख्रिस्ती नाही, होण्याचा विचारही नाही. पण ‘बाटली’ या एका शब्दाने मी पंचवीस वर्षे काय झाकून ठेवले होते ते आता कळते. पूर्वी खंडाळ्याजवळच्या रिव्हर्सिंग स्टेशनात गाडीची दिशा उलटी करावी लागे, तेव्हाच पुढचा चढ सुरू होई. १९२९ मध्ये ते ठाणे बंद पडले. १८९० साली पुण्याला निघालेल्या बाईंची गाडीही तिथे उलटी फिरली असणार. मला मात्र उलटे फिरायला पन्नाशी यावी लागली.