स्वादुपिंडाचा कर्करोग : निदान-चाचण्या

स्वादुपिंडातील गाठ शोधणे, ती कर्करोगाचीच आहे का हे ठरवणे आणि रोगाचा प्रसार मोजणे यांसाठीच्या तपासण्या. सुमारे १५ सेंमी. लांबीची ही ग्रंथी जठराच्या मागे खोलवर असल्याने गाठ सहसा हाताला लागत नाही आणि आजार उशिरा उघडकीस येतो. गोव्याचे तत्कालीन मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांचा हाच आजार २०१८ मध्ये समोर आला. १७ मार्च २०१९ रोजी त्यांचे निधन झाले.

पूर्वलक्षणे : ग्रंथीच्या शीर्षभागातील गाठ पित्तनलिका दाबते. डोळे पिवळे होतात, लघवी गडद व शौच पांढुरके होते, अंगाला खाज सुटते. पोट मात्र दुखतेच असे नाही. अशा वेळी उपाय म्हणून काविळीची माळ घालण्यात मोलाचे आठवडे जातात. उतारवयात नव्याने जडलेला मधुमेह आणि घटते वजन यांचीही दखल घ्यावी लागते.

चाचण्या : पुण्याच्या कात्रजसारख्या उपनगरात सुरुवात बहुधा रक्तातील बिलिरुबिन आणि जवळच्या केंद्रातील सोनोग्राफी यांनी होते. सोनोग्राफीत फुगलेली पित्तनलिका दिसते, पण आतड्यातील वायूमुळे स्वादुपिंड झाकले जाऊ शकते. म्हणून ‘नॉर्मल’ अहवालाने शंका मिटत नाही. मुख्य चाचणी सीटी स्कॅन. शिरेतून औषध सोडून रोहिणी व यकृताकडील शिरा भरताना वेगवेगळ्या वेळी चित्रे घेतात. गाठ सभोवतालच्या ग्रंथीपेक्षा काळसर दिसते आणि रक्तवाहिन्यांना ती कितपत भिडली आहे, यावर शस्त्रक्रियेचा निर्णय ठरतो. पित्ताला वाट देण्यासाठी नलिकेत स्टेंट (बारीक नळी) घातल्यावर चित्र धूसर होते. तातडी नसल्यास सीटी आधी करावा. नलिकांच्या तपशिलासाठी एमआरसीपी (नलिकांची एमआरआय तपासणी) उपयोगी पडते.

दुर्बिणीच्या टोकावरील सोनोग्राफीने (ईयूएस) जठराच्या भिंतीतून बारीक सुई घालून तुकडा घेतात. केमोथेरपीपूर्वी अशी बायोप्सी आवश्यक असते. गाठ थेट काढण्याजोगी असल्यास मात्र ती नेहमीच लागत नाही.

मर्यादा : रक्तातील सीए १९-९ या घटकाचे प्रमाण सामान्यतः दर मिलिलिटरला ३७ एककांपर्यंत असते. साध्या काविळीतही ते वाढते आणि काही व्यक्तींच्या शरीरात हा घटक तयारच होत नाही. त्यामुळे त्यावरून निदान करू नये. उपचारांचा परिणाम पाहण्यास तो उपयुक्त आहे. जुनाट स्वादुपिंडदाह व क्षयाच्या गाठीही कर्करोगासारख्या दिसतात. लक्षणे नसलेल्या सर्वसामान्य व्यक्तींची सरसकट चाचणी सुचवली जात नाही. कुटुंबात हा आजार असल्यास जनुकीय सल्ला घ्यावा.