ड्रम, डिस्क आणि अनसिंगची थंडी

आज विषय मोटारसायकलच्या ब्रेकचा. त्यातही हिवाळ्यातल्या.

आमचं अनसिंग वाशिम-पुसद रस्त्यावर. कोर्ट असो, कॉलेज असो की मोठा दवाखाना, वाशिम गाठावंच लागतं. डिसेंबरात पहाटे निघालं की रस्त्यावर धुकं, गाडीवर दव आणि मागच्या सीटवर घरचंच कुणीतरी. तेव्हा ब्रेक हा काही नुसता हौशी लोकांचा विषय नाही.

ब्रेकचा इतिहास वाचताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. ब्रेक दर पिढीत सुधारला, पण आपलं दुखणं सांगायचं त्याने हळूहळू बंद केलं. कसं ते बघा.

इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसाने पाहिलं की घोडागाडीवाले उतारावर ब्रेकच्या ठोकळ्याला जुने बूट ठोकतात. त्यावरून १८९७ मध्ये त्याने ब्रेकची अस्तरं बनवायला घेतली. फेरोडो कंपनी त्याचीच. पुढे या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस आलं आणि कित्येक दशकं राहिलं. म्हणून जुन्या गाडीचा ड्रम उघडल्यावर आतली धूळ तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा. ती धूळ फुफ्फुसात जाते.

आपल्याकडे राजदूत, येझदी, बुलेट, पुढे १९८५ ची हिरो होंडा सीडी १००... सगळ्या ड्रमवाल्या. ड्रमचं काम सरळ. केबल किंवा दांडी कॅम फिरवते, कॅम शूज फाकवतो, लायनर ड्रमला घासतं. लायनर झिजलं की पॅडल जास्त खाली जातं, म्हणजे ब्रेक स्वतःच सांगतो की मला टाइट करा. पान्याने नट दोन आटे फिरवला, चाक उचलून मोकळं फिरतंय ना ते पाहिलं, की झालं. गावात हे पोरासोरांनाही यायचं, कारण ते पायाला कळायचं.

डिस्कची कल्पनाही जुनीच. फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ मध्येच पेटंट घेतलं होतं, पण त्याचे तांब्याचे पॅड भयंकर किंचाळायचे. १९५३ ला जग्वारने डिस्क लावून ल मॉंची शर्यत जिंकली, आणि १९६९ च्या होंडा सीबी ७५० मुळे हायड्रॉलिक डिस्क मोटारसायकलवर रुळली. आपल्याकडे १९९९ ची सीबीझेड आणि २००१ ची पल्सर आल्यावर ती गावोगावी दिसू लागली.

आता गोम इथे आहे. डिस्कमध्ये पॅड झिजला की पिस्टन तेवढाच पुढे सरकून बसतो. लिव्हर हाताला पहिल्यासारखाच लागतो. पॅड संपत आला तरी हाताला पत्ता नाही! खूण उरते ती फक्त ब्रेक ऑइलच्या डबीत : पातळी हळूहळू उतरते.

दुसरं म्हणजे हे ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात साधारण ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच हमी १५५ वर येते. लांब उतारावर ते उकळलं तर वाफ दबते आणि लिव्हर पोकळ लागतो.

आपली थंडी काही ऑइल गोठवणारी नाही. आपल्या हिवाळ्याचं खरं दुखणं म्हणजे पावसाळ्याची उधारी. काळ्या मातीचा चिखल ड्रममध्ये, कॅमच्या दांड्यावर, कॅलिपरच्या पिनांवर वाळून बसतो. त्यात जुनं ग्रीस थंडीत घट्ट होतं. मग ब्रेक लागतो, पण सुटत नाही.

म्हणून दिवाळीनंतर एवढं करा. ड्रम असेल तर उघडून साफ करा, कॅमला अगदी थोडं ग्रीस लावा (लायनरला लागू देऊ नका), केबलला तेल द्या. डिस्क असेल तर पॅडची जाडी डोळ्यांनी बघा, पिना साफ करा, ऑइल दर दोन वर्षांनी बदलून एअर काढून घ्या. आणि पहाटे निघताना, घराजवळच हळू वेगात दोनदा ब्रेक दाबा. चकतीवर दव असेल तर पहिला ब्रेक कमी लागतो. तो वाया जायचा तर रिकाम्या रस्त्यावर जाऊ द्या, धुक्यात समोर ट्रॅक्टर आल्यावर नको.

१ एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या गाड्यांना नियम लागू झाला : १२५ सीसीच्या वर एबीएस, त्याखाली किमान सीबीएस, म्हणजे एका ब्रेकने दोन्ही चाकं. चांगलंच झालं. पण एबीएस चाक लॉक होऊ देत नाही एवढंच. संपलेला पॅड ते परत आणत नाही. सीबीएसच्या ड्रमवाल्या गाडीतही केबल सैल असेल तर पुढचं चाक नावालाच.

आमच्या धंद्यात याला मॉनिटरिंग म्हणतात. सिस्टीम गप्प आहे म्हणजे ठीक आहे, असं धरून चालायचं नसतं. ब्रेकचंही तेच. पूर्वी तो बोलायचा, आता आपणच वाकून विचारायचं.