पेसमेकर : यंत्र एकच, न्याय वेगळा?

८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोमजवळच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात ४३ वर्षांच्या आर्ने लार्सन यांच्या शरीरात जगातील पहिला पेसमेकर बसवला गेला. हृदयाचे ठोके मध्येच थांबत आणि त्यांची शुद्ध हरपे. यंत्र बनवले रूने एल्मक्विस्ट या अभियंत्याने, शस्त्रक्रिया केली ऑके सेनिंग यांनी. पण दोघांच्या मागे लागून हे घडवून आणले लार्सन यांच्या पत्नीने. पहिले यंत्र काही तासांतच बंद पडले. पुढे एकामागून एक यंत्रे बदलत लार्सन २००१ पर्यंत जगले.

एका स्त्रीच्या हट्टातून सुरू झालेल्या या उपचारात स्त्रियांच्या वाट्याला काय आले? जर्मनीतील शस्त्रक्रियांच्या नोंदींचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात दोन गोष्टी दिसल्या. तार शिरेतून हृदयाकडे नेताना फुप्फुसाला इजा होण्याचे प्रमाण स्त्रियांत अधिक होते. दुसरे असे, की वयातला फरक लक्षात घेऊनही स्त्रियांना एकतारी यंत्र अधिक वेळा बसवले गेले होते. एकतारी यंत्र हृदयाच्या एकाच कप्प्याला चालना देते. दुतारी यंत्र वरच्या व खालच्या कप्प्यांचा ताल जुळवते.

पहिल्या फरकामागे स्त्रियांची लहान शरीरयष्टी असू शकेल. दुसरा मात्र केवळ शरीररचनेतून आलेला नाही, कारण यंत्र निवडतो तो डॉक्टर. आकडेवारी शिकवताना हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा : आढळलेल्या फरकात निसर्गाचा वाटा किती आणि माणसाच्या निर्णयाचा किती?